दुहेरी चाकरी : ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांचा खाजगी व्यापार आणि प्रतिनिधीच्या निष्ठेचा प्रश्न

प्रस्तावना

मालकाचा माल खपविण्यासाठी नेमलेला माणूस त्याच फेरीत स्वतःचा किंवा मालकाच्या प्रतिस्पर्ध्याचा माल खपवू लागला, तर त्यास अप्रामाणिक म्हणावे की केवळ हुशार? वैद्यकीय उपकरणांच्या व्यापारात हा प्रश्न आज वारंवार उपस्थित होतो. एका कंपनीचे वेतन घेणारा विक्री प्रतिनिधी दुसऱ्या कंपनीचे स्टेंट, सांधे किंवा अस्थिरोपणाचे साहित्य नातेवाइकाच्या नावावर घेतलेल्या एजन्सीमार्फत त्याच रुग्णालयात पोचवितो. कंपनी त्यास विश्वासघात म्हणते. प्रतिनिधी मात्र वेतन अपुरे असल्याचे आणि ग्राहकाशी जोडलेला संबंध आपण स्वतःच्या श्रमाने कमावल्याचे सांगतो. हा वाद नवा वाटला तरी त्याचा इतिहास जुना आहे आणि त्यातील सर्वांत मोठा व सर्वांत तपशीलवार नोंदला गेलेला अध्याय आपल्याच देशात, सुरत, मुंबई, मद्रास आणि कलकत्ता येथील वखारींत घडलेला आहे.

इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी सुमारे दोनशे वर्षे स्वतःच्या नावाने, मित्रांच्या नावाने आणि प्रसंगी परकीय निशाणाखाली जो व्यापार केला, त्यास इतिहासग्रंथांत 'खाजगी व्यापार' असे म्हटले जाते. हा विषय सामान्यतः भ्रष्टाचाराच्या कथा म्हणून शिकविला जातो. प्रस्तुत लेखात त्याकडे मालक आणि प्रतिनिधी यांच्यातील संबंधाचा इतिहास म्हणून पाहण्याचा प्रयत्न आहे. बंदी का निष्फळ ठरली, मुभा कोठवर हितकारक ठरली आणि या दुहेरी चाकरीची किंमत अखेर कोणी मोजली, हे तीन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत.

वेतन, करार आणि मुभा

३१ डिसेंबर १६०० रोजी कंपनीस राणी एलिझाबेथची सनद मिळाली. सुरतेस वखार स्थिर झाली ती १६१३ मध्ये. लंडनहून सुरतेस पाठविलेल्या पत्राचे उत्तर यावयास एक ते दीड वर्ष लागे. एवढ्या अंतरावरील नोकर कोणता माल कोणत्या भावाने घेतो, उत्तम नग कोणास देतो आणि उरलेला कोणाच्या नावावर लिहितो, हे लंडनच्या संचालकांस प्रत्यक्ष पाहता येणे शक्यच नव्हते. म्हणून प्रत्येक नोकराकडून करारनामा लिहून घेण्याची आणि जामीन घेण्याची पद्धत पडली. 'कव्हेनंटेड' नोकर ही पुढे राज्यकारभारात प्रतिष्ठेची ठरलेली संज्ञा मुळात व्यापारी करारातून आलेली आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या कराराच्या दुसऱ्या बाजूस वेतन होते. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत राइटरला म्हणजे कारकुनास वर्षाला ५ पौंड, फॅक्टरला १५, कनिष्ठ व्यापाऱ्यास ३० आणि ज्येष्ठ व्यापाऱ्यास ४० पौंड असे वेतनमान होते. राहण्याची व भोजनाची सोय कंपनी करी. तरीही घरदार सोडून, रोगराईत मरणाचा धोका पत्करून येणारा तरुण या रकमेसाठी येत नव्हता, हे देणारा आणि घेणारा दोघेही जाणून होते. खरे वेतन हे व्यापार करण्याची संधी होती. कंपनीने ते रोखीत दिले नाही, डोळेझाकीच्या रूपाने दिले.

आरंभीच्या काळात बंदी कडक होती, निदान कागदावर. चार्ल्स पहिला याच्या कारकिर्दीत १६३१-३२ साली निघालेल्या राजकीय जाहीरनाम्यात खाजगी व्यापारास आळा घालण्याचा हेतू जाहीर करण्यात आला. त्याच जाहीरनाम्यात कोणत्या वस्तू खाजगीरीत्या आणता येतील याची यादीही होती. औषधी द्रव्ये, कस्तुरी, गालिचे, रजया, चित्रित कापड असे कितीतरी जिन्नस तीत आढळतात. बंदीचा हुकूम आणि सवलतींची यादी एकाच कागदावर असावी, यातच कंपनीच्या धोरणातील मूळ विसंगती दिसून येते.

१६६० च्या दशकात हिऱ्यांचा व्यापार शुल्क भरून करण्याची मोकळीक मिळाली. १६७० च्या दशकापर्यंत आशियातील एका बंदरातून दुसऱ्या बंदरात चालणारा व्यापार कंपनीने बहुतांशी नोकरांवर सोडून दिला. युरोप आणि आशिया यांमधील व्यापाराची मक्तेदारी कंपनीची आणि बंदराबंदरांतील व्यापार नोकरांचा, अशी ही वाटणी होती. कागदावर ती सुटसुटीत होती. परंतु सुरतेचे कापड लंडनला जावयाचे की मोखा येथे, हे ठरविणारा माणूस एकच होता आणि गाठ पडत होती ती तेथेच.

सुरत, मद्रास आणि मुंबई

सुरतेचा सावकार वीरजी व्होरा हा सतराव्या शतकातील भारताच्या धनाढ्य व्यापाऱ्यांपैकी एक. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा त्याच्या वाड्यावरही धाड पडली होती. कंपनी त्याच्याकडून कर्ज घेई, त्याला माल विकी आणि त्याच्याशी भावासाठी झगडेही. त्याच वीरजीने कंपनीच्या नोकरांस त्यांच्या खाजगी व्यापारासाठीही भांडवल पुरविले आणि लंडनच्या कार्यालयाने त्याबद्दल नापसंती व्यक्त केली. सावकाराच्या दृष्टीने यात वावगे काहीच नव्हते. त्याचा ऋणको वखारवाला इंग्रज होता. त्याने मागितलेली रक्कम कंपनीच्या वहीत जाते की स्वतःच्या, ही चौकशी धनकोने करावी अशी अपेक्षा बाळगणे व्यर्थ होते. परंतु भाव ठरविताना वखारीचा प्रमुख ज्याचा खाजगी ऋणको आहे, त्याच्याशी तो मालकाच्या वतीने कितपत ताठर राहू शकेल, हा प्रश्न उरतोच.

मद्रासचा गव्हर्नर एलिहू येल (१६८७ ते १६९२) याच्यावर पदाचा उपयोग खाजगी व्यापारासाठी केल्याचे आरोप झाले व त्यास पदावरून दूर करण्यात आले. पुढे इंग्लंडला परतल्यावर त्याने १७१८ साली अमेरिकेतील कनेक्टिकट येथील एका लहान विद्यालयास कापडचोपड व इतर मालाचे नऊ गठ्ठे, ४१७ पुस्तके आणि राजा पहिला जॉर्ज याचे चित्र भेट दिले. तो माल विकून ५६२ पौंड आले आणि संस्थेस येलचे नाव मिळाले. आज जगद्विख्यात असलेल्या त्या विद्यापीठाच्या नावामागे मद्रासच्या व्यापारात मिळविलेली संपत्ती आहे. शिक्षणसंस्थांस मिळणाऱ्या देणग्यांचा उगम शोधू पाहणाऱ्या अध्यापकाने या उदाहरणाची नोंद अवश्य घ्यावी.

थॉमस पिट याचे उदाहरण याहून बोलके आहे. तो आरंभी कंपनीची मक्तेदारी मोडणारा अनधिकृत व्यापारी होता. कंपनीने त्याच्यावर कारवाई केली आणि अखेर १६९८ मध्ये त्यालाच मद्रासचा गव्हर्नर नेमले. १७०९ पर्यंत तो त्या पदावर राहिला. तेथे असताना त्याने विकत घेतलेला मोठा हिरा १७१७ साली फ्रान्सच्या राजप्रतिनिधीस १,३५,००० पौंडांस विकला गेला. प्रतिस्पर्धी आवरत नसेल तर त्यास आपल्या नोकरीत घ्यावे, हे धोरण आजच्या कंपन्यांनी शोधून काढलेले नाही.

मुंबई बेट १६६८ मध्ये कंपनीकडे आले आणि १६८७ मध्ये पश्चिम किनाऱ्यावरील मुख्य ठाणे सुरतेहून येथे हलले. बंगालच्या मानाने मुंबई गरीब होती. तिच्याजवळ मोठा महसुली मुलूख नव्हता. म्हणून येथील नोकरांची भिस्त व्यापारावरच अधिक काळ राहिली. १७५९ मध्ये सुरतेच्या किल्ल्याचा ताबा मिळाल्यावर त्यांची स्थिती बळावली. १७८४ च्या कायद्याने इंग्लंडमधील चहावरील कर घटला, चहाची मागणी वाढली आणि चीनमध्ये चहाच्या मोबदल्यात देण्यासाठी गुजरातच्या कापसाला महत्त्व आले. मलबारची मिरी आणि गुजरातचा कापूस या दोन जिनसांत मुंबईचे अधिकारी आणि त्यांच्याशी संलग्न असलेल्या पेढ्या यांचे हितसंबंध गुंतले. पामेला नाइटिंगेल यांनी १७८४ ते १८०६ या काळाच्या आपल्या अभ्यासात असे प्रतिपादन केले आहे की, पश्चिम भारतातील इंग्रजी राज्यविस्तारास या खाजगी व्यापारी हितसंबंधांनी दिशा दिली. मुंबईतील खाजगी व्यापारी डेव्हिड स्कॉट हा १७८६ मध्ये लंडनला परतून पुढे कंपनीचा संचालक व अध्यक्ष झाला, ही घटना या प्रतिपादनास पूरक आहे. खाजगी व्यापार हा केवळ दूरच्या वखारीतील कारकुनाचा दोष नव्हता. तो संचालक मंडळाच्या मेजापर्यंत पोचलेला होता.

या संदर्भात 'आज्ञापत्रा'चा उल्लेख अप्रस्तुत ठरणार नाही. १७१५-१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी त्यात टोपीकरांविषयी सावधगिरीचा इशारा दिला आहे. हे लोक इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्यामागे राज्यकर्ते आहेत आणि त्यांस किनाऱ्यावर ठाणी करू देणे धोक्याचे आहे, असा त्याचा आशय आहे. व्यापाऱ्याच्या हाती सत्ता आली म्हणजे व्यापाराचे स्वरूप बदलते, हे अमात्यांनी ओळखले होते. बंगालमध्ये नेमके तेच घडले.

बंगाल : परवान्याचा गैरवापर

१७१७ मध्ये बादशहा फर्रुखसियर याने कंपनीस बंगालमध्ये जकातीविना व्यापार करण्याचे फर्मान दिले. कंपनीच्या मालासोबत 'दस्तक' म्हणजे परवाना असला की चौकीवर जकात लागत नसे. हा परवाना कंपनीच्या आयात-निर्यात मालासाठी आहे, नोकरांच्या देशांतर्गत व्यापारासाठी नाही, अशी नबाबांची भूमिका होती. नोकरांनी मात्र तोच परवाना मीठ, सुपारी आणि तंबाखू यांच्या स्वतःच्या व्यापारासाठी वापरला. इतकेच नव्हे, तर देशी व्यापाऱ्यांसही पैसे घेऊन दिला. प्लासीनंतर या प्रकारास धरबंध राहिला नाही.

येथे गुमास्त्यांची भूमिका विशेष पाहण्यासारखी आहे. १७५३ पासून कंपनीने बंगालमध्ये आगाऊ रकमेवर माल पुरविणाऱ्या स्वतंत्र व्यापाऱ्यांची पद्धत सोडून आपल्या गुमास्त्यांमार्फत थेट विणकरांकडून खरेदी आरंभिली. कंपनीचा नोकर हा मालकाचा प्रतिनिधी आणि गुमास्ता हा त्या प्रतिनिधीचा प्रतिनिधी. जे वर्तन वरच्याने मालकाशी केले, तेच खालच्याने वरच्याशी केले. नावाला कंपनीची, हाताला साहेबाची आणि पदराला स्वतःची, अशी एकाच माणसाची तिहेरी खरेदी चाले. विणकरास या तिघांत फरक करता येत नव्हता, कारण तिघांच्याही मागे शिपाई एकच होता.

नबाब मीर कासिम याने १७६२ मध्ये गव्हर्नर व्हान्सिटार्ट याच्याकडे तक्रार केली की, गुमास्ते रयतेचा माल चतुर्थांश किमतीत जबरीने उचलतात आणि एक रुपयाच्या वस्तूचे पाच रुपये तिच्याकडून वसूल करतात. व्हान्सिटार्टने मुंगेर येथे नबाबाशी तडजोड करून इंग्रजांच्या खाजगी मालावर नऊ टक्के जकात मान्य केली. देशी व्यापारी याहून कितीतरी अधिक भरीत होते. तरीही कलकत्त्याच्या मंडळाने ही तडजोड फेटाळली. वॉरन हेस्टिंग्जखेरीज गव्हर्नरच्या बाजूस कोणी उभे राहिले नाही. तेव्हा मीर कासिमने १७६३ मध्ये सर्वांचीच जकात उठविली. इंग्रजांस जकात लागत नसेल तर कोणासच नको, हा त्याचा न्याय मंडळास युद्धाचे कारण वाटला. समानता हीच ज्याच्या व्यापारास हानिकारक ठरते, त्याचा नफा कौशल्याचा नसून सवलतीचा असतो, हे या प्रसंगातून निर्विवाद सिद्ध होते. त्या युद्धाचा शेवट २२ ऑक्टोबर १७६४ रोजी बक्सार येथे झाला आणि १७६५ मध्ये दिवाणी कंपनीच्या हाती आली.

याच वर्षी क्लाइव्हने नोकरांच्या व्यापारास शिस्त लावण्यासाठी वरिष्ठ अधिकाऱ्यांची एक व्यापारी मंडळी स्थापन केली आणि मीठ, सुपारी व तंबाखू यांचा मक्ता तिला दिला. वेतन वाढविणे संचालकांस मान्य नाही, तर निदान नफ्याचे वाटे दर्जाप्रमाणे ठरवून द्यावेत, असा त्यामागील विचार होता. परंतु रोगाला नियम लावले म्हणून तो बरा होत नाही. संचालकांच्या हुकमाने १७६८ मध्ये ही मंडळी बंद झाली.

विणकरांच्या स्थितीविषयी विल्यम बोल्ट्स याने १७७२ च्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे की, गुमास्ते आणि कापडाची प्रतवारी करणारे जाचनदार संगनमताने जो भाव ठरवीत, तो खुल्या बाजारापेक्षा किमान पंधरा आणि काही वेळा चाळीस टक्के कमी असे. बोल्ट्स स्वतः कंपनीचा नोकर व मोठा खाजगी व्यापारी होता आणि कंपनीने त्यास १७६८ मध्ये हद्दपार केले होते. त्यामुळे त्याची साक्ष वैरभावाची आहे, हे मान्य करूनच ती वापरली पाहिजे. तथापि मीर कासिमची तक्रार वेगळ्या हितसंबंधातून आलेली असूनही तिचा रोख तोच आहे, ही गोष्ट बोल्ट्सच्या कथनास बळकटी देते.

प्रतिस्पर्ध्याची हुंडी

खाजगी व्यापारातून मिळालेला पैसा इंग्लंडला कसा न्यायचा, हा नोकरांपुढील दुसरा प्रश्न होता. कंपनीच्या हुंड्यांवर मर्यादा असे आणि कंपनीमार्फत मोठी रक्कम पाठविली तर चौकशीची भीती असे. डच, फ्रेंच आणि डेन्मार्कच्या कंपन्यांस भारतात माल खरेदी करण्यासाठी रोख रक्कम हवी होती. इंग्रज नोकराने येथे त्यांस रुपये द्यावेत आणि युरोपात त्यांच्याकडून हुंडी वटवून घ्यावी, अशी सोय दोघांच्याही पथ्यावर पडली. स्वतः क्लाइव्हने आपल्या संपत्तीचा मोठा भाग डच कंपनीच्या हुंड्यांतून स्वदेशी पाठविला. होल्डन फर्बर यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या व्यवहारांचे जाळे विस्ताराने उलगडले आहे.

याचा अर्थ असा की, ज्या प्रतिस्पर्धी कंपन्यांशी लढण्यासाठी इंग्रज कंपनी सैन्य पोशीत होती, त्यांना भांडवल तिचेच नोकर पुरवीत होते. येथे कोणी प्रतिस्पर्ध्याचा माल खांद्यावर घेऊन फिरत नव्हते. तरीही मालकाच्या नोकरीत मिळविलेल्या साधनांनी मालकाचा प्रतिस्पर्धी बळकट करणे, हे दुहेरी चाकरीचे अधिक सूक्ष्म रूप होय.

इतर युरोपीय कंपन्यांचा अनुभव

पोर्तुगीजांनी गोव्यास जाणाऱ्या जहाजांवरील खलाशांस वेतनाचा भाग म्हणून स्वतःच्या मालासाठी पेट्या नेण्याची सवलत दिली होती आणि किल्लेदारांस विशिष्ट मार्गांवरील व्यापाराचे हक्क बहाल केले होते. डच कंपनीचे धोरण याच्या उलट होते. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या आणि १६३७ पासून आपल्या वेंगुर्ल्यासही वखार असलेल्या या कंपनीने आशियातील बंदराबंदरांतील व्यापार स्वतःच्या हाती ठेवला आणि नोकरांस खाजगी व्यापाराची बंदी केली. वेतन मात्र तुटपुंजेच राहिले. परिणामी तिच्याच जहाजांतून चोरटा व्यापार फोफावला. गव्हर्नर जनरल फान इम्होफ याने १७४५ मध्ये अफूच्या व्यापारासाठी अधिकाऱ्यांची एक मंडळी स्थापून चोरवाटेला राजमार्ग करण्याचा प्रयत्न केला. कंपनीचा शेवट १७९९ च्या अखेरीस झाला. त्यास युद्ध, कर्ज आणि बदललेली बाजारपेठ ही कारणेही होती. केवळ नोकरांच्या भ्रष्टाचाराने ती बुडाली, असे म्हणणे योग्य होणार नाही. मात्र कठोर बंदीनेही निष्ठा विकत घेता आली नाही, एवढे या उदाहरणावरून निश्चित म्हणता येते.

एमिली एरिक्सन यांनी २०१४ मधील आपल्या ग्रंथात याची दुसरी बाजू मांडली आहे. इंग्रज कंपनीने कप्तान व नोकर यांस खाजगी व्यापाराची मुभा दिल्यामुळे त्यांनी नवी बंदरे धुंडाळली, नवा माल शोधला आणि ही माहिती कंपनीच्याही उपयोगी पडली. म्हणजे नोकरांचे स्वातंत्र्य हे कंपनीच्या दीर्घायुष्याचे एक कारण होते. हे प्रतिपादन विचारार्ह आहे. परंतु त्यात जमाखर्च मांडला आहे तो कंपनीचा. बंगालमधील विणकराच्या किंवा मीठ खरेदी करणाऱ्या रयतेच्या बाजूने तोच हिशोब मांडला तर निष्कर्ष वेगळा निघतो.

म्हणून खाजगी व्यापाराचे तीन प्रकार वेगळे करणे आवश्यक वाटते. पहिला पूरक व्यापार. मालक ज्या जिनसांत किंवा ज्या मार्गांवर व्यापार करीत नाही, तेथे नोकराने केलेला. हिऱ्यांचा व्यापार या प्रकारात मोडतो. दुसरा स्पर्धक व्यापार. तेच कापड, तीच मिरी, तोच विणकर आणि तोच ग्राहक. येथे मालकाची हानी होते. तिसरा सत्ताश्रित व्यापार. पदामुळे मिळालेला परवाना, शिपाई किंवा विश्वास वापरून तिऱ्हाइताकडून नफा उकळणे. येथे हानी मालकापेक्षा त्या तिऱ्हाइताची अधिक होते आणि त्यास करारात कोठेही स्थान नसते. एकच मनुष्य एका दिवसात हे तिन्ही प्रकार करू शकत असल्यामुळे बंदी आणि मुभा या दोन्ही धोरणांची गफलत झाली.

सुधारणा आणि तिच्या मर्यादा

१७७२ मध्ये कंपनी आर्थिक संकटात सापडली आणि १७७३ मध्ये ब्रिटिश सरकारने १४ लक्ष पौंडांचे कर्ज देताना नियामक कायदा लादला. गव्हर्नर जनरलचे वेतन २५,००० पौंड आणि मंडळाच्या सदस्यांचे १०,००० पौंड ठरले. त्यांस तसेच महसूल वसुलीशी संबंधित नोकरांस खाजगी व्यापाराची मनाई झाली. तीनच वर्षांनी ॲडम स्मिथने आपल्या ग्रंथात असे मत मांडले की, हजारो मैल दूर असलेले कारकून केवळ मालकांच्या हुकमाने स्वतःचा व्यापार सोडून देतील ही अपेक्षाच मूर्खपणाची आहे. दोष व्यक्तींचा नसून व्यवस्थेचा आहे, असे त्याचे म्हणणे होते.

कॉर्नवॉलिसने (१७८६ ते १७९३) हे सूत्र प्रत्यक्षात आणले. कलेक्टरचे वेतन दरमहा १,५०० रुपये आणि वसुलीवर सुमारे एक टक्का दलाली असे ठरवून त्याने त्यांचा व्यापार बंद केला. कलकत्त्याच्या व्यापार मंडळाचे सदस्य कंपनीस माल पुरविण्याचे ठेके आडनावाने स्वतःच घेत असत. त्या मंडळाची सदस्यसंख्या त्याने अकरावरून पाचावर आणली आणि काहींवर खटले भरले. व्यापारी शाखेतील रेसिडेंटांस मात्र खाजगी व्यापार उघडपणे करण्याची परवानगी राहिली. ज्याच्या हाती महसूल आणि न्याय आहे त्याने व्यापार करू नये, हे तत्त्व मान्य झाले हीच या सुधारणेची खरी कमाई होय.

या सुधारणेस दोन मर्यादा होत्या. भरघोस वेतन युरोपीय अधिकाऱ्यांस मिळाले आणि वरिष्ठ पदे भारतीयांस बंद झाली. खालच्या देशी नोकराचे वेतन तुटपुंजेच राहिले आणि नंतर त्याच्या लाचखोरीस वंशाचा दोष मानले गेले. १७५० च्या राइटरला जे कारण क्षम्य ठरले, ते १८०० च्या कारकुनास ठरले नाही. दुसरी मर्यादा म्हणजे अधिकाऱ्यांचा पैसा व्यापारातून निघाला नाही, तो एजन्सी पेढ्यांत गेला. मुंबईत १७६७ साली स्थापन झालेल्या फोर्ब्स पेढीसारख्या संस्था आणि कलकत्त्याच्या पामर कंपनीसारख्या पेढ्या अशा ठेवींवर वाढल्या. १८३० मध्ये पामर कंपनी बुडाली तेव्हा अनेक अधिकाऱ्यांची आयुष्याची पुंजी तिच्याबरोबर गेली.

कायद्याचे सूत्र आणि आजचा प्रतिनिधी

१८७२ च्या भारतीय करार कायद्याची २१५ आणि २१६ ही कलमे वाचताना हा सर्व इतिहास डोळ्यांपुढे येतो. मालकाची संमती न घेता आणि सर्व महत्त्वाची वस्तुस्थिती त्यास न कळविता प्रतिनिधीने त्याच व्यवसायात स्वतःच्या हिताचा व्यवहार केला आणि त्यात अप्रामाणिक लपवणूक झाली किंवा मालकाचे नुकसान झाले, तर मालक तो व्यवहार नाकारू शकतो. मालकाच्या नकळत स्वतःसाठी केलेल्या व्यवहारातील लाभ मालक मागू शकतो. येथे कायदा सरसकट बंदी घालीत नाही. तो संमती आणि उघडपणा यांची मागणी करतो. याच कायद्याचे २७ वे कलम व्यवसायस्वातंत्र्य हिरावून घेणारे करार निरर्थक ठरविते. नोकरी चालू असतानाचे निर्बंध ग्राह्य ठरू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सेंच्युरी स्पिनिंग कंपनीच्या प्रकरणात स्पष्ट केले. नोकरी सुटल्यानंतरही माणसास बांधून ठेवू पाहणाऱ्या अटीस १९८० मध्ये त्याच न्यायालयाने दाद दिली नाही.

विक्री प्रतिनिधीच्या सेवाशर्तींकडे कायद्याचे लक्ष उशिरा गेले. औषध कंपनीचा प्रतिनिधी 'कामगार' नव्हे, असा निर्णय १९६१ मध्ये झाला. विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांसाठीचा स्वतंत्र कायदा १९७६ मध्ये आला आणि तो २०२० च्या व्यावसायिक सुरक्षाविषयक संहितेत विलीन करण्यात आला. २०१७ च्या नियमांनी वैद्यकीय उपकरणांच्या दर्जाचे नियमन आणले. त्याच वर्षी हृदयरोगावरील स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली गेली. २०२४ मध्ये उपकरणांच्या विपणनासाठी आचारसंहिता आली. तिचा भर कंपनी आणि डॉक्टर यांच्या संबंधावर आहे. प्रतिनिधीच्या स्वतःच्या हितसंबंधांचा प्रश्न प्रामुख्याने कंपनी आणि तिचा नोकर यांच्या करारावरच सोडलेला आहे.

वर केलेले तीन भेद येथे लावून पाहता येतात. उपकरणे विकणाऱ्या प्रतिनिधीने कंपनीस कळवून रुग्णालयास हातमोजे पुरविले तर तो पूरक व्यापार होय. आपल्या कंपनीच्या कृत्रिम सांध्याऐवजी दुसरीचा पुढे केला तर तो स्पर्धक व्यापार. परंतु अस्थिरोपणाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी प्रतिनिधी अनेकदा शस्त्रक्रियागृहात हजर असतो आणि कोणत्या मापाचे साहित्य उपलब्ध आहे याविषयी शल्यचिकित्सक त्याच्या शब्दावर अवलंबून असतो. तेथे आपल्या दलालीनुसार सल्ला फिरविणे हा तिसरा प्रकार आहे. भूल दिलेल्या रुग्णास कोणाची पिशवी उघडली गेली हे कळत नाही. बंगालच्या विणकरापुढील शिपायाची जागा येथे विश्वासाने घेतलेली आहे.

समारोप

या विवेचनातून तीन गोष्टी पुढे येतात. पहिली, अपुऱ्या वेतनावर नेमलेल्या आणि नजरेआड काम करणाऱ्या प्रतिनिधीकडून एकनिष्ठेची अपेक्षा करणारा मालक स्वतःही पूर्णतः प्रामाणिक नसतो. ५ पौंडांचा राइटर हे त्याचे ऐतिहासिक प्रमाण आहे. दुसरी, बंदी आणि मुभा यांपेक्षा उघडपणा महत्त्वाचा ठरतो. जे व्यवहार नोंदवहीत आले त्यांचे नियमन झाले. जे आडनावाने चालले त्यांनी राज्ये उलथविली. तिसरी, मालक आणि नोकर यांच्या भांडणाचा निवाडा त्या दोघांच्याच हिशोबाने करता येत नाही. कंपनीच्या दप्तरांत खाजगी व्यापाराविषयी हजारो पाने लिहिली गेली, परंतु त्यांतील बहुतेक पाने कंपनीचे किती नुकसान झाले याविषयी आहेत. विणकराचे किती झाले, हे मीर कासिमच्या पत्रातून आणि एका हद्दपार व्यापाऱ्याच्या ग्रंथातून शोधावे लागते.

आजच्या नियमांची चिकित्सा करताना हा धडा दृष्टीआड होऊ नये. प्रतिनिधीने आपले हितसंबंध कंपनीस कळवावेत हे आवश्यक आहेच. परंतु ते रुग्णालयास आणि रुग्णासही कळले पाहिजेत, अशी तरतूद होईपर्यंत दुहेरी चाकरीचा प्रश्न अर्धाच सुटलेला राहील.